चर्चा: खान्देशातले कृषी पर्यटन चालत्या शेतावर असावे, की त्यासाठी निराळे शेत मांडावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव):

अजिंठ्याची लेणी पाहायला रेल्वेने येणारे पुष्कळ प्रवासी जळगावला उतरतात, स्थानकाबाहेर गाडी ठरवतात आणि थेट लेणी गाठतात. ज्या जिल्ह्यातून ते जातात त्याच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु केळीची बाग किंवा वांग्याचे शेत त्यांच्या प्रवासात कुठेच येत नाही. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही नोंदणी करून आपल्या शेतावर पर्यटकांची सोय करण्याची वाट मोकळी झाली. खान्देशाने तिचा लाभ घ्यावा याविषयी फारसे दुमत नसावे. तो कोणत्या रीतीने घ्यावा, हे ठरवण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझे मत असे की पाहुण्यांना चालत्या शेतावर न्यावे, म्हणजे ज्या शेतावर एखाद्या घराचे पोट आहे त्याच शेतावर. आज अनेक ठिकाणी रस्त्यालगत कमान उभारली जाते, हिरवळ लावली जाते, पोहण्याचा हौद बांधला जातो, बैलगाडीची एक फेरी ठेवली जाते आणि या सगळ्याला कृषी पर्यटन म्हटले जाते. तिथे पीक विकायचे नसल्यामुळे भावाची काळजी नसते, पाण्याची पाळी नसते, मजूर मिळतील की नाही ही धाकधूक नसते. ज्या गोष्टींवर शेतकऱ्याचे वर्ष ठरते, नेमक्या त्याच पाहुण्यांना दिसत नाहीत.

याउलट मार्गशीर्ष-पौषात यावल तालुक्यातल्या भालोद-बामणोदच्या शिवारात जाऊन पाहावे. हिरवी, मोठी वांगी बांधावरच तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काळी पडून तडकली की गरम असतानाच ती सोलतात आणि गर लाकडी बडगीत ठेचतात. मग त्यावर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात यांची सढळ तेलातली फोडणी पडते. ज्या तुरीच्या काड्या जळाल्या ते शेत शेजारीच असते आणि त्या वर्षी तूर किती झाली हे सांगणारा माणूस पंगतीला बसलेला असतो. हंगामाचाही प्रश्न यात आपोआप सुटतो: कार्तिकापासून माघापर्यंत दादर ज्वारी उभी असते, कापसाची वेचणी चालू असते, थंडी असते. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कोणाला बोलावूच नये.

केळीबाग (रावेर):

भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, तरी केळी उत्पादक म्हणून माझा या सूचनेला स्पष्ट विरोध आहे. केळीवरच्या मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात शिरलेला आहे. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते, फवारणीने ती जात नाही, आणि ती पसरते बाधित कंदांतून, वाहत्या पाण्यातून, अवजारांना आणि पायताणांना चिकटलेल्या मातीतून. आपल्याकडची बहुतेक लागवड ग्रँड नैन या एकाच वाणाची आहे आणि तो वाण या रोगापुढे टिकत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मुख्य केळी पट्ट्यात २०१५ साली हा रोग सापडल्यावर तिथल्या उत्पादकांनी बागांना कुंपणे घातली आणि बूट निर्जंतुक केल्याशिवाय कोणालाही आत घेणे बंद केले. आपण मात्र गाड्या भरून माणसे बागेत सोडण्याची भाषा करत आहोत.

दुसरे असे की चालत्या शेताचे वेळापत्रक शेतकऱ्याच्याही हातात नसते. व्यापाऱ्याची गाडी उद्या येणार हे आदल्या संध्याकाळी कळते, भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहून ठरतो, आणि कापणीच्या दिवशी घड वाहणाऱ्या माणसाच्या वाटेत कोणी छायाचित्र काढत उभे राहिले तर घड घसरतो, फळाला डाग पडतो आणि त्याचा भाव जातो. मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग तासाभरात आडवी होताना आम्ही पाहिली आहे; त्या जोखमीत आणखी एक भर आम्हाला नको. पर्यटन करायचेच असेल तर रस्त्यालगतची एखादी एकर जमीन बाजूला काढावी, तिथे सगळी पिके थोडी थोडी लावावीत आणि पाहुण्यांना तेवढेच दाखवावे. त्यात फसवणूक कोणाचीही होत नाही.

माहेरवाशीण (यावल):

भरिताचे वर्णन वाचून आनंद झाला, पण त्यात माणसे अर्धीच आली आहेत. शेतातल्या भरिताच्या पंगतीला पुरुष मंडळी वांगी भाजतात आणि ठेचतात हे खरे आहे. परंतु पुऱ्या, कळण्याच्या भाकऱ्या, ताटे, पाणी आणि शेवटची भांडी कोणाकडे येतात? आमच्या नात्यातल्या एका घराने दोन हिवाळे पाहुणे घेतले. पाहुणे खूश होते आणि घरमालकही खूश होते, पण पहाटे उठून चुलीपुढे बसणाऱ्या सुनेला त्या व्यवहारातला एक रुपयाही वेगळा मिळाला नाही, कारण घरचा स्वयंपाक हे काम समजलेच जात नाही. तिसऱ्या वर्षी तिने नकार दिला आणि ते सगळे तिथेच थांबले.

म्हणून वाद चालत्या शेताचा की मांडलेल्या शेताचा एवढ्यावर संपत नाही. जेवण गावातल्या बचत गटाकडे द्यावे, ताटामागे दर आधी ठरवावा आणि पैसे थेट गटाच्या खात्यात जमा व्हावेत. पाहुण्यांनी शेत जरूर पाहावे, मात्र घराच्या माजघरापर्यंत येण्याचा हक्क कोणी गृहीत धरू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, सासरचे बोलून मोकळ्या होतात. कानबाई या आमच्या देवीचे रोट तर केवळ भाऊबंदांतच खाल्ले जातात. हे दिवस कोणत्याही सहलीच्या पत्रकात छापले जाऊ नयेत.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

ताईंच्या सर्व अटी मला मान्य आहेत आणि त्या नोंदणीच्या वेळीच लिहून घ्याव्यात असे मी म्हणेन. केळीच्या बाबतीतही बागेत पाय न ठेवता बांधावरून किंवा रस्त्यावरून पाहणे पुरेसे आहे. घड भरण्याचे ठिकाण दाखवले तरी पाहुण्याला पुष्कळ कळते.

परंतु रस्त्यालगतच्या एका एकराची कल्पना मला पटत नाही, कारण ज्या तुकड्यातून काही विकायचे नाही त्याच्याकडे घराचे लक्ष राहत नाही आणि थोड्याच वर्षांत तिथे झोपाळे येतात. शिवाय खान्देश म्हणजे केवळ केळी नव्हे. पांझरेच्या काठी, साक्री आणि धुळे तालुक्यांत, फड पद्धतीचे सिंचन काही शतके चालत आले आहे आणि त्यातले काही बंधारे आजही पाणी देतात. नदीवर लहानसा दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड, आणि एका फडात सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक, अशी ती रचना आहे. पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाऊस कमी झाला तर कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे हे सगळे बसून ठरवतात. पाण्यावरून गावोगाव भांडणे होत असताना ही व्यवस्था इतकी टिकली कशी, हे एखाद्या पाटकऱ्याबरोबर पाटाच्या कडेने चालत गेल्यावर जसे उमगते तसे फलकावर वाचून उमगणार नाही. हे मांडून दाखवता येईल असे मला वाटत नाही.

सातपुड्याचा (अक्राणी):

तुमचे सगळे बोलणे तापीच्या सपाटीवरच चालले आहे, म्हणून डोंगराकडचे दोन शब्द. वैशाखात कोणाला बोलावू नये असे वर म्हटले आहे, पण धडगावकडे आमचूर त्याच दिवसांत होते. गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, घरातल्या लहानथोरांनी बसून सोलायच्या, चिरायच्या आणि उन्हात वाळत घालायच्या. मध्येच वळवाचा पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी दर पाडतो. हे पाहणारा माणूस जाताना दोन किलो आमचूर थेट घरातून घेऊन गेला, तर आम्हाला त्या पर्यटनाचा अर्थ कळेल.

काठी गावातल्या आदिवासी होळीबद्दल मात्र सांभाळून बोलावे. बुध्या आणि बावा होऊन नाचणारी माणसे आधीचे काही दिवस नवसाचे कडक व्रत पाळतात. त्यांना थांबवून आपल्याबरोबर छायाचित्राला उभे करणारे लोक दरवर्षी येतात. होळीला येणाऱ्या परक्याला कोणी अडवत नाही, परंतु तिची तिकिटे काढून सहल विकणे आम्हाला मान्य नाही. आणखी एक प्रश्न माझ्याकडे आहे, ज्याचे उत्तर धोरणावर बोलणाऱ्यांनी द्यावे: वनपट्टा, म्हणजे वनहक्काने मिळालेली जमीन, कसणाऱ्या कुटुंबाने पाहुण्यांसाठी एखादी झोपडी बांधायची म्हटली, तर ती बांधायला त्याला मोकळीक आहे का?

चाळीसगावकर, सध्या पुणे:

मी गेली काही वर्षे मुलांना आणि आईला घेऊन अशा ठिकाणी जात असतो. पाटणादेवी, गौताळ्याचे जंगल, पद्मालय यांना जोडून एखादे शेत पाहावे अशी इच्छा असते, पण आईला गुडघ्यांमुळे उकिडवे बसता येत नाही, आणि चालत्या शेतावर स्वच्छतागृह विचारले की लोक संकोचाने इकडेतिकडे पाहतात. हौद आणि हिरवळ मलाही नको आहे. तरीसुद्धा स्वच्छतागृह, सावली आणि पिण्याचे पाणी एवढे ज्याला देता येत नाही त्याने पैसे घेऊन पाहुणे बोलावू नयेत, आणि एवढे करायचे म्हटले की एक कोपरा पाहुण्यांसाठी वेगळा बांधावाच लागतो. त्यामुळे मला रावेरच्या भाऊंचे म्हणणे अधिक व्यवहार्य वाटते.

केळीबाग (रावेर):

स्वच्छतागृहाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो खर्च कोणी करायचा हे कोणीच बोललेले नाही. कर्ज काढून खोल्या बांधल्या आणि पाहुणे आले नाहीत, तर हप्ते केळीच्याच पैशातून जाणार. सहली आणणारे दलाल पाहुण्याकडून एक रक्कम घेतात आणि शेतकऱ्याला त्यातली किती देतात हे पाहुण्याला कळतही नाही.

पांझरेच्या फडांबद्दल जे लिहिले ते मला मान्य आहे. तिथे पाटाच्या कडेने फिरल्याने कोणाचे नुकसान होत नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. केळीच्या बागा मात्र, बांधावरूनसुद्धा, या यादीतून वगळाव्यात, कारण बांधावर आलेला माणूस दोन पावले आत येतोच आणि त्याला हटकण्यासाठी दिवसभर माणूस उभा करणे कोणत्याही केळीवाल्याला परवडणार नाही. येत्या हिवाळ्यात कोणी प्रयोग करणार असेल तर पाहुण्याने दिलेले पैसे, दलालाने कापलेले आणि बचत गटाला मिळालेले, असे तिन्ही आकडे इथे मांडावेत. ते पाहिल्याशिवाय मी माझे मत बदलणार नाही.