पंच्याऐंशी लाखांच्या वसतिगृहाला ‘सगळे एका टेबलावर’ करार परवडतो का?

रामबागकर (धागाकर्ता)

आमच्या संस्थेला इंदूरात विद्यार्थी वसतिगृह बांधायचंय. तळमजला अधिक एक, ४,२०० चौरस फूट, बजेट ८५ लाख. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो नेहमीसारखं करा: आधी नकाशे, मग तीन कोटेशनं, ज्याचं सगळ्यात कमी त्याला काम. दुसरा तट, म्हणजे मी आणि आणखी दीड माणूस, म्हणतो की नकाशे पक्के व्हायच्या आधीच ठेकेदाराला आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरवाल्याशेजारी बसवा.

माझ्या मताला इतिहास आहे. दहा वर्षांपूर्वी याच संस्थेचं सभागृह सर्वात कमी कोटेशनला दिलं. नकाशात फूटिंग (पायाचा तळ) पाच फुटांवर होतं, खोदलं तर काळी माती नऊ फुटांपर्यंत! एक्स्ट्रा आयटमची यादी आली. आर्किटेक्ट म्हणे ठेकेदाराने जागा बघायला हवी होती, ठेकेदार म्हणे मी नकाशाचा भाव दिला. सहा आठवडे काम बंद, मग पाऊस, आणि खड्ड्यात बेडूक.

अमेरिकेत यावर ‘इंटिग्रेटेड प्रोजेक्ट डिलिव्हरी’ नावाचा प्रकार आहे. मालक, आर्किटेक्ट आणि ठेकेदार एकाच करारावर सह्या करतात, टार्गेट किंमत ठरवतात. तिच्या आत काम झालं तर बचत वाटून घ्यायची, वर गेलं तर आधी सगळ्यांचा नफा जातो. कॅनबेरात २००१ साली उघडलेलं ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय संग्रहालय अशाच ‘अलायन्स’ने बांधलं. प्रश्न एवढाच, आपल्याएवढ्या कामाला हे झेपेल का?

माजी बांधकाम खाते

नाही झेपणार. आणि मुळात तुमचं उदाहरणच तुमच्याविरुद्ध जातं. मातीची तपासणी केली नाहीत, त्यात कराराचा काय दोष? माळव्यात बांधताना काळी माती पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. दोन खड्डे खणून बघायचे. अंडर-रीम पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेला खांब, कशासाठी निघाली? रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती अशाच मातीसाठी विकसित केली. खाली कांद्यासारखा फुगवटा, आणि तो साडेतीन मीटरच्या आसपास, कारण तिथे ओलाव्याचा चढउतार फारसा पोचत नाही. आधी कळलं असतं तर टेंडरमध्येच घातली असती.

आता तुमच्या बचतीचं गणित. ८५ लाखांत अगदी पाच टक्के वाचले तर सव्वाचार लाख. अर्धे संस्थेचे, उरलेल्यात आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाला, ठेकेदार. ठेकेदाराच्या हातात लाख-दीड लाख. एवढ्यासाठी तो वर्षभर हिशेबाच्या वह्या सगळ्यांपुढे उघड्या ठेवेल? आणि करार लिहिणाऱ्या वकिलाची फी कोणाच्या बचतीतून?

रामबागकर

काका, गणित मान्य. पण तपासणी का झाली नाही ते बघा. आर्किटेक्टला वाटलं स्ट्रक्चरवाला सांगेल, त्याला वाटलं संस्था करून घेईल, आणि संस्थेला तो शब्दच माहीत नव्हता. खड्डा खणायचे पैसे कोणाच्याच फीमध्ये नव्हते. पूर्ण अमेरिकी करार मीही मागत नाहीये. वरात नको, साखरपुडा तेवढा लवकर हवा.

नकाशावाली

मी आर्किटेक्ट, आणि यावेळी काकांच्या बाजूने, जरा वेगळ्या कारणाने. ठेकेदार टेबलावर आला की पहिली सूचना काय करतो? खिडक्या लहान करा, छज्जे काढा. पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात पोरं भाजतील ते त्याच्या हिशेबात नसतं. त्याचा संबंध चावी देईपर्यंत, इमारतीचा पुढे पन्नास वर्षं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. माझी फी बांधकामखर्चाच्या टक्क्यांवर असते. म्हणजे मी तुमचे पाच लाख वाचवले तर माझीच फी कमी होते. लवकर एकत्र बसवायचं असेल तर आधी आर्किटेक्टची फी ठोक रकमेत ठरवा. नाहीतर बचतीची चर्चा करणाऱ्यांत एक माणूस बचतीने नुकसान होणारा, असा मामला.

हिशेबनीस

मी संस्थांची ऑडिटं करते. तीन कोटेशनं नसली की सभासद पहिला प्रश्न विचारतात: मग ह्यालाच काम का दिलं?

भियाजी

ताई, सरकारनेसुद्धा ‘सर्वात कमी’चा हट्ट सैल केलाय ना? ऑक्टोबर २०२१ च्या अर्थमंत्रालयाच्या सूचनांत बांधकामालाही गुणवत्तेला वजन द्यायची मुभा आहे, ३०% पर्यंत.

माजी बांधकाम खाते

मुभा आहे, सरसकट नाही. आधी सक्षम अधिकाऱ्याने त्या कामाला गुणवत्ताप्रधान ठरवावं लागतं. आणि उरलेले ७०% किंमतच आहे, स्पर्धा कुठे गेली?

सेंटरिंगप्लेट

अखेर ज्याच्याबद्दल बोलताय तो आला. मी अशीच लहान कामं घेतो. रात्री दहानंतर बसून नकाशातून क्वांटिटी काढतो, फुकट. पाचातलं एक काम मिळतं. आर्किटेक्ट ओळखीच्या असल्या तर आधी विचारतात, “दादा, हे कसं करावं?” मी सांगतो. मग माझीच आयडिया टेंडरमध्ये जाते आणि काम दुसऱ्याला. आता तोंड उघडत नाही.

नकाशावाली ताई, छज्जे मी काढत नाही. मी सांगतो ते हे: बीमची खोली सगळीकडे सारखी धरा, मग टेके कापावे लागत नाहीत. स्लॅब ओतताना खाली लावायची सेंटरिंगची प्लेट तीन बाय दोन फुटांची असते, खोलीचं माप त्याच्या जवळपास बसवा. सळई बारा मीटरची येते, मापं अशी घ्या की तुकडे भंगारात न जाता लिंटेलमध्ये, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीत, लागतील. हे नकाशे पक्के झाल्यावर सांगून उपयोग काय? पण ह्या सांगण्याचे पैसे द्या. चाळीस हजार द्या, काम मला मिळो न मिळो.

नफा भांड्यात टाकायचा म्हणता, तर तो आठ-दहा टक्के. पुढच्या आठवड्याची मजुरी त्यातूनच फिरते. तो अडकला तर मीच अडकलो.

रामबागकर

चाळीस हजार मी मांडतो कार्यकारिणीत. आणि हिशेबनीस ताई, कोटेशनं घेऊच, पण पूर्ण किमतीची नाही, ओव्हरहेड-नफ्याच्या टक्क्याची. ज्याचा टक्का आणि आधीची कामं पटली तो नकाशे होताना बसेल. बाकी खर्च बिलाप्रमाणे, वर टार्गेट.

हिशेबनीस

टक्का कमी लिहिणं सगळ्यात सोपं. सहा टक्के लिहायचे आणि उरलेलं खरेदीत काढायचं. सिमेंटच्या डीलरची वर्षाअखेरची स्कीम तुमच्या बिलावर दिसते का? शिवाय ठेकेदाराच्या पक्क्या बिलावर १८% जीएसटी, ज्याची वजावट आपल्यासारख्या संस्थेला मिळत नाही. म्हणून तर बऱ्याच संस्था माल स्वतः घेऊन लेबर रेटने बांधतात.

भियाजी

आपल्याच इंदूरात आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अरण्य वसाहतीत जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा बांधून दिला, बाकी घर राहणाऱ्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवलं. १९९५ चा आगाखान पुरस्कार त्यालाच. लहान कामात सगळे मिळून, ते हेच की!

नकाशावाली

भिया, तिथे मालकच बांधणारा होता. इथे मालक म्हणजे अकरा जणांची कार्यकारिणी. त्यांच्यातून निर्णय घेणारा एक माणूस ठरणार आहे का? टेबलावर सगळे बसले आणि संस्थेचा प्रतिनिधी म्हणाला ‘पुढच्या सभेत ठेवतो’, तर ही सगळी पद्धत तिथेच मेली.

रामबागकर

ताई, हा घाव वर्मी बसला. ठराव करून एकाला अधिकार द्यावे लागतील, पाच लाखांपर्यंत तरी.

सेंटरिंगप्लेट दादा, सरळ विचारतो. चाळीस हजार दिले, काम तुम्हालाच मिळालं, तर वह्या उघडाल?

सेंटरिंगप्लेट

सळई, सिमेंट, गिट्टी, मजुरीचा हजेरीपट, सगळं दाखवीन. डीलरची स्कीमसुद्धा. पण सेंटरिंगचं नाही. प्लेटा माझ्या स्वतःच्या, बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या. त्यांचं बिलच नाही, दाखवू काय?

माजी बांधकाम खाते

मग सेंटरिंगचा चौरस फुटाचा भाव आधीच ठरवून ते उघड्या हिशेबातून बाहेर काढा. आणि रामबागकर, ठराव व्हायची वाट न बघता ते दोन खड्डे आधी खणा. एक पश्चिमेच्या कोपऱ्यात, जुन्या विहिरीकडे.