मदत हवी आहे: १२० लिटरच्या नव्या खाऱ्या टँकमध्ये पहिले कोरल

प्रश्न

टँक १२० लिटरचा आहे. खडक-वाळू वजा जाता पाणी साधारण १०० लिटर. खडक कोरडेच घेतले होते. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ) पूर्ण होऊन सहा आठवडे झालेत. दोन क्लाऊनफिश आणि काही गोगलगायी आहेत. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चोवीस तास चालू, शिवाय फॉस्फेट शोषणारं मीडियाही टाकलंय.

आजची मोजमापं: खारटपणा ३५ पीपीटी, तापमान २५.५ अंश, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ६.८ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४१० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. आरओ-डीआयच्या (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ०.

झोअँथिड, एक टॉर्च आणि एक अ‍ॅक्रोपोरा अशा कोरलांचे फ्रॅग (छोटे तुकडे) एकदमच आणायचा विचार आहे. पाणी इतकं स्वच्छ असताना काही अडचण यावी का? वाळूवर तपकिरी थर येतोय, तो जाईपर्यंत थांबू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

अडचण त्या 'इतकं स्वच्छ' मध्येच आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, पण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य म्हणजे कोरलची उपासमार. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच. शिवाय अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो) सहज माजतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम इथवर येऊ द्या. फॉस्फेटचं मीडिया आजच काढा, माशांचं खाणं थोडं वाढवा, स्किमर जरा कमी ताकदीवर ठेवा. पूर्ण बंद नको, पाण्यात ऑक्सिजन मिसळायला तो उपयोगी पडतो.

अल्कलिनिटी ६.८ ही खालच्या टोकाला आहे. ८ वर आणा. साधा खायचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की अंदाजे १ डीकेएच वाढते, म्हणजे तुम्हाला साधारण ३.६ ग्रॅम लागेल. एकदम ओतू नका. १.८ ग्रॅम आज आणि १.८ उद्या, ग्लासभर आरओ-डीआयच्या पाण्यात विरघळवून पॉवरहेडच्या (प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) धारेत हळूहळू सोडा. मग आठवडाभर रोज ठरल्या वेळी मोजा. तुमच्या मिठाचं ताजं पाणी कालवून त्याचीही अल्कलिनिटी बघा. तीच ११ असेल तर दर पाणीबदलाला टँकमध्ये हेलकावा बसणार. आकडा ७.५ आहे की ९, याने फारसं बिघडत नाही, तो रोज नाचला की बिघडतं.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवलाय ना? नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणलेला ३५ ला चुकू शकतो.

आता क्रम. आधी झोअँथिड आणि डिस्कोसोमा मशरूम कोरल. तीन-चार आठवडे ते नीट उघडत राहिले तर टॉर्च. अ‍ॅक्रोपोरा सध्या विसरा. काचेवर जांभळं-गुलाबी कोरलाइन शैवाल धरलंय आणि महिनाभर अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या आत राहिलीय, असं दिसलं की मग बघा. कोरड्या खडकांच्या टँकला त्याला आठ-दहा महिने सहज लागतात. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया हे झपाट्याने पसरणारे कोरल सोपे म्हणून कुणी गळ्यात मारेल. घेतलेच तर मुख्य खडकापासून सुटा दगड देऊन ठेवा, नाहीतर वर्षभरात सगळा खडक त्यांचाच.

प्रश्नकर्ता

धन्यवाद, मीडिया काढलं. फ्रॅग आल्यावर पिशवीत टँकचं पाणी थेंबथेंब देत दोन तास ठेवायचं असतं ना? आणि डिप (किडे काढायच्या द्रावणात बुडवणं) करावंच लागतं का?

प्रतिसाद २

दोन तास नको. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. बंद पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, उघडून खारटपणा मोजा. फरक १-२ पीपीटीचा असेल तर सरळ पुढे. जास्त असेल तर अर्ध्या तासात टँकचं पाणी मिसळत जुळवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच नाही.

डिप करावंच लागतं. दोन भांडी घ्या, दोन्हीत टँकचं पाणी. पहिल्यात कोरल डिप, बाटलीवरच्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ, बहुतेकदा ५ ते १० मिनिटं. ड्रॉपरने फ्रॅगवर पाण्याचे फटकारे मारत राहा. चपटे किडे आणि न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) खाली पडतात. दुसऱ्या भांड्यात स्वच्छ धुवा. डिपने अंडी मरत नाहीत, हे फार जण विसरतात. झोअँथिडच्या देठाशी आणि प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या चकतीच्या) खालच्या बाजूला भिंग लावून बघा: न्यूडिब्रँकची अंडी पांढुरक्या, गुंडाळलेल्या फितीसारखी दिसतात. ती खरवडून काढा. जमत असेल तर जुना प्लग काढून टाकून फ्रॅग नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवा. एप्टेझिया (उपद्रवी समुद्री अ‍ॅनिमोन) आणि व्हर्मेटिड गोगलगायी बहुधा प्लगवरूनच येतात. वेगळा छोटा टँक असेल तर फ्रॅग आधी त्यात ठेवून दर ५-७ दिवसांनी डिप, असं तीन-चार आठवडे.

प्रतिसाद ३

झोअँथिड आणि पॅलिथोआ (त्याच गटातलं कोरल) हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावाच. काहींत पॅलिटॉक्सिन असतं, ते जखमेतून किंवा डोळ्यात गेलं तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. असे दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करायचे नाहीत, ती वाफ श्वासातून गेली की विषबाधा होते.

प्रकाशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: मशरूमला ५० ते १००, टॉर्चला ८० ते १५० पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरे. नवा फ्रॅग आधी वाळूवर ठेवा, दिवे नेहमीच्या निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवा. एकदम तीव्र प्रकाश पडला तर कोरल आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उलट झोअँथिड मान लांब करून वर ताणले गेले, तर उजेड कमी पडतोय.

टॉर्चभोवती १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. रात्री ती डंख मारणाऱ्या लांब शुंडा सोडते. प्रवाह मध्यम हवा. शुंडा डोलल्या पाहिजेत, एका बाजूला चिकटून राहिल्या तर पॉवरहेडची थेट धार लागतेय. आणि तुमचे क्लाऊनफिश टॉर्चलाच घर मानतील अशी शक्यता आहे. छोट्या, दोन डोक्यांच्या फ्रॅगला ते रेटून रेटून मिटवून टाकतात, मोठी वसाहत सहन करते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तपकिरी थराचं राहिलं. धुळीसारखा, बोटाने झटकला की उडणारा असेल तर डायटम (सूक्ष्म शैवाल). आपोआप जातो, थांबायची गरज नाही. चिकट, तंतू आणि त्यात बुडबुडे, रात्री कमी होऊन दुपारी पुन्हा दाट, असं असेल तर डायनो. खात्रीसाठी थर ड्रॉपरने ओढून पारदर्शक बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा गोळा होऊन तंतू झाले तर डायनोच.

प्रश्नकर्ता

केलं. तासाभरात पुन्हा तंतू झाले. एक गोगलगायही उलटी पडलीय.

प्रतिसाद १

मग कोरल तूर्त थांबवा. डायनोच्या काही जाती विषारी असतात, गोगलगायीचं कारण तेच असू शकेल. नायट्रेट-फॉस्फेट वर आणायचं काम चालू ठेवा, मोठे पाणीबदल टाळा, थर रोज ओढून काढा आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका. सूक्ष्मदर्शक मिळाला तर जात ओळखा: ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून यूव्ही दिव्याने आटोक्यात येतात. मोठे अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच बसून राहतात, त्यांच्यासाठी यूव्हीवर खर्च करू नका. आकडे आणि एक फोटो इथेच टाकत राहा.