फ्रीडहोफ म्हणजे ‘शांततेचं आवार’?

जर्मनच्या क्लासमध्ये फ्रीडहोफ म्हणजे कब्रस्तान असं शिकवलं आणि फोड दिली, फ्रीडन म्हणजे शांतता अधिक होफ म्हणजे आवार. पटलं पण लगेच. आता डिक्शनरी बघितली तर तिथे कुंपण वगैरे लिहिलंय, शांतता कुठेच नाही. नक्की खरं काय?

— डिक्शनरीचं खरं. जुना शब्द ‘फ्रीटहोफ’, आणि त्यातलं फ्रीट आलंय ‘फ्रीटन’ ह्या जुन्या क्रियापदावरून, म्हणजे राखणं, जपणं. तर फ्रीटहोफ म्हणजे राखलेलं, कुंपणातलं अंगण, घरापुढचं किंवा चर्चपुढचं, मेलेल्या माणसांचा त्यात काही संबंध नव्हता. पण पुरायचे चर्चच्या आवारातच, म्हणून हळूहळू आवाराचं नाव कब्रस्तानाला चिकटलं. आणि फ्रीटन वापरातून गेल्यावर लोकांना त्यात ओळखीचा ‘फ्रीडन’ ऐकू यायला लागला, मेल्यावर शांतता हे जमतंही छान, झालं.

गंमत उच्चारात आहे. जुन्या जर्मनमधला दीर्घ ‘ई’ पुढे ‘आइ’ झाला, वीनचं वाइन, त्सीटचं त्साइट (वेळ). त्या हिशोबाने फ्रीटहोफचं फ्राइटहोफ व्हायला हवं होतं, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडच्या बोलीत ते तसं झालंयही! बाकीकडे फ्रीडनने मधे पाय घातला म्हणून ‘ई’ टिकला.

— म्हणजे शांतता साफ चूक?

— साफ चूक नाही म्हणता येणार, कारण खूप मागे गेलं तर फ्रीटन आणि फ्रीडन एकाच धातूतून निघतात, ज्यातून आपला संस्कृत ‘प्रिय’ आला तोच. पण हा जोडशब्द बनला तेव्हा डोक्यात कुंपण होतं, शांतता नव्हती.

— चर्चच्या आवाराला किर्शहोफ पण म्हणतात ना?

— हो, आणि त्याचाही अर्थ पुढे कब्रस्तान झाला. फिजिक्समध्ये सर्किटला जे किरचॉफचे नियम लावायचो त्या किरचॉफचं आडनाव ह्याच शब्दावरून.

— असंच झिंटफ्लूट बघा, बायबलमधला महापूर. त्यातलं ‘झिन’ म्हणजे मोठा, सगळीकडे पसरलेला, पण तो शब्द विसरला गेला आणि लोकांनी त्यात ‘झ्युंड’ म्हणजे पाप घुसवून झ्युंडफ्लूट केलं, पापाचा पूर. गोष्टही तशीच असल्यामुळे कोणाला शंकाच आली नाही, कित्येक वर्षं छापलं जायचं तसं. आता मात्र स्पेलिंग परत झिंटफ्लूटच आहे.