मदत हवी आहे: पाचवा महिना, केनियाचा जोडीदार आणि तीस दिवसांची नोटीस

मी सोलापूरची, वय 33. तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, पदरात सात वर्षांची मुलगी. एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. सध्या पाचवा महिना. बाळाचे वडील केनियाचे, शाळांचे युनिफॉर्म घ्यायला दोन वर्षं इकडे येऊन-जाऊन असतात. सोडून वगैरे गेलेले नाहीत, लग्नाची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. त्यामुळे 'ताई, जपून' छापाचे प्रतिसाद नकोत. ते घरी पोटभर मिळालेत.

ते ख्रिश्चन, म्हणून विशेष विवाह कायदा 1954 खाली लग्न करायचंय. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती कार्यालयात लागते, तीस दिवसांत हरकत टिकली नाही की तीन साक्षीदारांसमोर लग्न. ते अविवाहित असल्याचा दाखला दिल्लीतल्या केनियाच्या उच्चायुक्तालयातून आणा, असं वकिलांनी सांगितलंय. तिथवर ठीक. माझा जीव अडकलाय नोटिशीत. अशोक चौकाजवळ राहतो आम्ही, मागेपुढे सगळी भावकी. नाव फळ्यावर लागलं की चहा निवायच्या आत गल्लीभर होणार. हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते, आधीचं लग्न, वय वगैरे, हे कळतं मला. पण पहिल्या नवऱ्याच्या कानावर गेलं तर तो मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात जाईल, ही धास्ती आहे.

दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम लागतो. मग पुण्यात मावसबहिणीकडे महिनाभर राहून तिथं नोटीस दिली तर? भाडेकरार नसताना मुक्कामाचा पुरावा काय दाखवायचा? कुणी केलंय का असं?

दुसरं बाळाचं. आईवडिलांपैकी एक भारतीय असेल तर दुसऱ्याचा इथला मुक्काम जन्माच्या वेळी बेकायदा असता कामा नये, तर बाळ जन्माने भारतीय. म्हणून त्यांच्या व्हिसाची तारीख त्यांच्यापेक्षा मीच जास्त वेळा बघते. लग्न न झालेल्या आईला वडिलांचं नाव न देता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच सांगितलंय. पण मला नाव हवंय आणि ते द्यायलाही तयार आहेत. जन्मदाखल्यावर ते लावायला लग्न आधीच व्हायला हवं का?

आता आई. मागच्या रविवारी बाळाच्या वडिलांना जेवायला बोलावलं. आई तोंड फिरवून बसलेली. त्यांनी कडक भाकरी आमटीत कुस्करली, शेंगा चटणी घेतली आणि सांगायला लागले की आमच्याकडे मक्याच्या पिठाचा असाच घट्ट गोळा करतात, उगाली म्हणतात त्याला. चपातीला चपातीच म्हणतात म्हटल्यावर आईने न बोलता चटणीची वाटी पुढे सरकवली. ते गेल्यावर म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. पण रंग बघ की. लोकं काय बोलालेत माहीत हाय का?" आमच्या घरात कोण गोरंय, सिद्धेश्वरालाच ठाऊक.

लेकीला बाळाचं अजून सांगितलेलं नाही. परवा माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, तू जाड झालीस." सात वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं? ज्यांनी सांगितलंय त्यांनी लिहा. कागदपत्रांचं कुणाला उघडपणे लिहायचं नसेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, रात्री दहानंतर बघते.