पुन्हा पुन्हा तोच पेच: गटोपचाराला जावे का?

दारव्ह्याकडचा शेतकरी

माझे वय चाळिशीच्या पुढे आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट निरनिराळ्या माणसांबरोबर पुन्हा पुन्हा घडत आली आहे. कोणी काही मागितले की मला नाही म्हणवत नाही. पतसंस्थेत जामीन राहणे, ऐन पेरणीत स्वतःची बैलजोडी दुसऱ्याला देणे, भावकीच्या वादात मध्यस्थ होणे, हे सारे मी पत्करतो. मनात मात्र राग साठत जातो आणि एखाद्या दिवशी क्षुल्लक कारणावरून मी असा भडकतो की संबंधच तुटतात. साळ्याशी असेच झाले, शाळेपासूनच्या मित्राशी झाले आणि आता धाकट्या भावाशी बोलणे बंद आहे.

घरच्यांच्या आग्रहावरून अमरावतीला एका मानसशास्त्रज्ञांना भेटलो. त्यांनी स्कीमा थेरपी या पद्धतीने चालणाऱ्या गटात येण्यास सुचवले आहे. आठ जणांचा गट, आठवड्यातून एक बैठक, असे काही महिने. अनोळखी माणसांपुढे घरचे सांगून नेमके काय बदलते, हे मला समजत नाही. शिवाय आमच्या भागात एसटीत शेजारी बसलेला माणूसही कुठल्या तरी नात्यातला निघतो. तिथे बोललेले गावात पोहोचले तर मुलींच्या सोयरिकीपर्यंत त्याची झळ लागेल. आणि सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की खाडे होणारच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुपदेशक, नागपूर

दादा, आपल्याला न भेटता निदान करणे योग्य नाही; परंतु ही पद्धत काय आहे ते सांगू शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांच्या लक्षात आले की काही माणसांना अल्पकाळाच्या विचारकेंद्रित उपचारांनी पुरेसा गुण येत नाही, कारण त्यांचा त्रास एखाद्या प्रसंगापुरता नसून लहानपणापासून मुरलेल्या साच्याचा, म्हणजेच ‘स्कीमा’चा असतो. लहानपणी ज्या गरजा भागल्या नाहीत त्यांतून ‘मी नको म्हटले तर मला टाकून देतील’ यांसारख्या पक्क्या समजुती तयार होतात. यंग यांनी असे अठरा साचे वर्णिले आहेत. दुसऱ्याच्या मर्जीपुढे मान तुकवणे हा त्यांपैकी एक आणि इतरांसाठी स्वतःच्या गरजा मागे सारणे हा दुसरा. माणूस या साच्याला शरण जातो, त्याच्यापासून पळतो किंवा उलट टोक गाठतो. आपण वर्षभर शरण जाता आणि एका दिवशी उलट टोक गाठता, असे आपल्या लिहिण्यावरून तरी वाटते.

आता गट कशासाठी, हा आपला खरा प्रश्न. एकट्याने समुपदेशकासमोर बसून आपण भावाविषयी सांगाल, पण तो साचा तिथे फक्त सांगितला जाईल. गटात तो सर्वांदेखत घडेल. कोणी म्हणेल, ‘आज माझे दुखणे मोठे आहे, तुमची वेळ मला द्या,’ आणि आपण लगेच द्याल. उपचारक तिथेच थांबवून विचारतील की देताना छातीत, पोटात काय झाले, नाही म्हटले असते तर काय होईल असे वाटले. मग आपण तिथेच ‘आज मला बोलायचे आहे’ असे म्हणून पाहाल, आणि समोरचा माणूस पुढच्या आठवड्यातही आपल्याशी नीट बोलतो हे स्वतः अनुभवाल. चाळीस वर्षांची समजूत उपदेशाने हलत नाही, अशा अनुभवाने हलते. रिकाम्या खुर्चीत वडिलांना किंवा स्वतःला सतत दूषणे देणाऱ्या आतल्या आवाजाला बसलेले कल्पून त्याच्याशी बोलणे, किंवा डोळे मिटून बालपणीचा प्रसंग आठवून त्यात त्या मुलाची बाजू घेणारे कोणी आणणे, असे प्रयोगही होतात.

या पद्धतीला गटाचे रूप देण्यात जोन फॅरेल आणि आयडा शॉ यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास 32 स्त्रियांवरचा होता. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात 495 रुग्ण होते. दोन्ही अभ्यास सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराचे, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या गंभीर मानसिक विकाराचे असल्यामुळे त्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू करू नयेत. तरी दुसऱ्या अभ्यासात निव्वळ गटावर भर देण्यापेक्षा गट आणि वैयक्तिक भेटी यांची जोड अधिक उपयोगी ठरली, हे ध्यानात ठेवून अमरावतीला ‘मला अधूनमधून एकट्यालाही भेटता येईल का’ असे जरूर विचारा.

वर्ध्याची शिक्षिका

मी अशा गटात राहिले आहे, म्हणून गोपनीयतेविषयी लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. गटातल्या इतरांना बांधून ठेवतो तो आपसांतला करार. आमच्या गटात ऐकलेले बाहेर न नेणे, बसस्थानकावर भेट झाली तर समोरच्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण न दाखवणे आणि व्हॉट्सॲपवर गट न करणे, हे पहिल्याच बैठकीत ठरले होते. गट बंद होता, म्हणजे मध्येच नवा माणूस येत नसे. आपल्या तालुक्यातले कोणी गटात आहे का, हे नाव न घेता उपचारकांना आधीच विचारता येते आणि विचारावेच.

पहिले काही आठवडे मी जवळजवळ गप्प होते आणि कोणी बळजबरी केली नाही. मला कोणाची मदत मागता येत नसे, कारण मागितली की माणसे दुरावतात असे मी धरून चालले होते. माझ्या आईच्या वयाच्या एका बाईंनी तोच धाक आपल्या शब्दांत सांगितला, तेव्हा मला रडू आवरले नाही. हे एकट्याने होणारे नव्हते, याबद्दल माझी खात्री आहे.

पुसदचा वाचक

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते आणि बायकांचे बचत गटही आहेत. मन मोकळे करायला ती जागा पुरेशी नाही का? बाहेरगावी जाऊन हे का करायचे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

समुपदेशक, नागपूर

प्रार्थनेने आणि संगतीने मिळणारा आधार मोलाचा आहे आणि तो कोणी सोडू नये. मात्र तिथे माणसाने आपले दुखणे बाजूला ठेवून सर्वांशी मिळून राहावे अशी अपेक्षा असते. या दादांना नेमके तेच गरजेपेक्षा जास्त जमते. त्यांना नाही म्हणण्याचा सराव करायला आणि राग आला की तो भडकण्याआधी बोलून दाखवायला अशी जागा हवी, जिथल्या कोणाशी उद्या बांधावर गाठ पडणार नाही.

दारव्ह्याकडचा शेतकरी

आपणा सर्वांचे आभार. वैयक्तिक भेटी, बंद गट आणि आपल्या तालुक्यातले कोणी आहे का, हे विचारूनच ठरवीन. खाड्यांचे काय करावे? आणि दरम्यान चुलतभाऊ पुन्हा जामीनकीसाठी येऊन गेला आहे.

समुपदेशक, नागपूर

सतत खाडे पडले तर आपलेही नुकसान होते आणि गटातील इतरांचा विश्वासही डळमळतो, म्हणून कापसाचा हंगाम ओसरल्यावर सुरू होणारा गट आहे का ते पाहा. तोवर वैयक्तिक भेटी सुरू ठेवता येतील. मन फारच अस्वस्थ झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही मराठीत विनामूल्य बोलता येते. चुलतभावाला आजच हो किंवा नाही सांगू नका. ‘घरी विचारून आठ दिवसांनी सांगतो’ एवढेच म्हणा आणि त्या आठ दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नका.