'घरगुती मामला' म्हणून गप्प बसवलं जातं तेव्हा: अनुभव लिहा

२५ नोव्हेंबर, म्हणजे स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिन, ते १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन अशी सोळा दिवसांची मोहीम १९९१ पासून जगभर चालते. रॅली, पोस्टर, पथनाट्य होतंच, पण हिंसेविरुद्ध काम करताना कुठे अडलं, काय उपयोगी पडलं ते लिहा. कुणाची ओळख पटेल असं मात्र नको.

नागपूर
इथे सगळ्यात म्हातारी मीच असणार. मथुरा प्रकरण आठवतं का कुणाला? १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा नावाची आदिवासी पोरगी, ठाण्यातच दोन पोलिसांवर बलात्काराचा आरोप. सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत म्हणे! १९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, आम्ही त्याच्या सायक्लोस्टाइल कॉप्या वाटायचो, बोटं शाईने काळी आणि घरी विचारलं तर काय सांगणार, बलात्कार हा शब्द आईसमोर काढायची सोय नव्हती. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या केसमध्ये बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तेच धरून चालायचं.

ठाणे
वरच्या मजल्यावर रोजचा आरडाओरडा. २००८ मध्ये 'बेल बजाओ'ची जाहिरात टीव्हीवर लागायची, शेजारी मारहाण ऐकू आली तर काहीतरी निमित्त काढून बेल वाजवा अशी, ती बघून सासूबाई म्हणाल्या चल गं. रात्री साडेदहाला वाटी घेऊन दारात, "विरजण आहे का जरा?" तो शर्टाची बटणं लावत बाजूला झाला आणि ह्या सरळ आत जाऊन सोफ्यावर बसल्या, हलेचनात! पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणी आम्हीच खाल्ली.

मुंबई, नर्स
चाळीत तळमजल्यावर राहणारीसुद्धा आमच्याकडे 'जिन्यावरून पडून'च येते. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत संस्थेने हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र काढलं, त्या धर्तीवर आम्हालाही ट्रेनिंग मिळालं. नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवायचं, बाईला एकटीला विचारायचं, आणि कोणी कशाने मारलं ते तिच्याच शब्दांत लिहायचं, पुढे कोर्टात तोच कागद लागतो.

सांगली
डीव्ही, म्हणजे घरगुती हिंसाचाराची केस, केली की नवरा लगेच आत असं लोकांना वाटतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मुळात संरक्षण, राहत्या घराचा हक्क आणि खर्चासाठी आहे. बचत गटातल्या बायका पण तेच म्हणतात, "जेलात नको टाकूस ताई, मला घराबाहेर काढू नये एवढं बघ." ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, पण तारखांवर तारखा. या कायद्याखाली बाईला मदत करायला संरक्षण अधिकारी नेमतात, पण आमच्याकडे त्यांच्याकडे दुसऱ्या कामांचाही चार्ज, ते भेटतील तेव्हा खरं. पोलिसात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन घरी पाठवतात. मोर्चा काढायचाच तर पूर्णवेळ संरक्षण अधिकाऱ्यासाठी काढा, मी पहिल्या रांगेत.

पुणे
गणपती मंडळात विषय काढला तर पोरं म्हणाली वहिनींनी पाठवलंय वाटतं. असो. सांगलीच्या ताई, संरक्षण अधिकारी भेटलेच नाहीत तर?

सांगली
बाई स्वतः थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. तालुका विधी सेवा समितीकडे वकील फुकट मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पण चालू असतो.