सीताबर्डीच्या मोहिमेत एकामागून एक बार काढणारी बंदूक: नियम कसे बांधावेत?

धरमपेठकर:
नमस्कार. आमचा नागपूरचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो. सध्याची मोहीम नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईच्या, म्हणजे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ च्या, आधीच्या काही आठवड्यांत घडते. अप्पासाहेब भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायाची भूमिका करणाऱ्या खेळाडूला पुन्हा न ठासता अनेक बार काढणारी बंदूक हवी आहे. कोल्टचे पेटंट १८३६ चे असल्यामुळे त्याचे रिव्हॉल्व्हर मी नाकारले आहे. त्या काळाला साजेशी दुसरी बंदूक कोणती, आणि इतरांच्या तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुका निरुपयोगी न ठरवता ती खेळात कशी आणावी?

रंजकदाणी:
तुमचा खेळाडू इतिहासाला धरूनच मागणी करत आहे. काल्थॉफ घराण्याच्या पद्धतीच्या बंदुका १६५८-५९ च्या कोपनहेगनच्या वेढ्यात डॅनिश सैनिकांच्या हाती होत्या. तुमच्या मोहिमेला मात्र फ्लॉरेन्सच्या मिकेले लोरेंझोनीच्या नावाने ओळखली जाणारी रचना अधिक शोभेल, कारण लंडनचा मॉर्टिमर १८०० च्या सुमारासही तशी पिस्तुले घडवत होता. हिच्या दस्त्यात दारू आणि गोळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. नळी खाली झुकवून बाजूची मूठ फिरवली की आतल्या फिरत्या दट्ट्याच्या खाचांतून आधी गोळी आणि मग तिच्यामागे दारू नळीच्या बुडाशी येते, आणि त्याच हालचालीत रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) भरले जाऊन घोडाही चढतो.

खरी अडचण नियमपुस्तकात आहे. त्यातली साधी मस्केट दर फेरीला एकदा झाडता येते आणि फेरी ६ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १० बार. कसलेला शिपाई चकमकीच्या बंदुकीने मिनिटाला साधारण ३ बार काढी, आणि तिपाईवरच्या पकलच्या बंदुकीने १७२२ मध्ये ७ मिनिटांत ६३ बार काढल्याचे सांगितले जाते, तो वेगही मिनिटाला ९ च होतो. साधी बंदूकच इतकी वेगवान असेल तर लोरेंझोनीला दाखवण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून आधी साध्या बंदुकीला प्रत्येक बारानंतर भरण्यासाठी पूर्ण दोन फेऱ्या द्या. लोरेंझोनीला ७ बार द्या, दोन बारांमध्ये फक्त बोनस ॲक्शन (फेरीतली मुख्य कृतीखेरीजची छोटी जादा कृती) घ्या, आणि कप्पे रिकामे झाले की लढाई संपेपर्यंत ती भरू देऊ नका. इजा वाढवू नका. गोळी आणि दारू तीच आहे. फाशावर १ आला तर दट्ट्याच्या फटीतून ज्वाळा मागे जाऊन दस्त्यातली दारू पेटावी, कारण या रचनेचा खरा धोका तोच होता.

वीसपैलू:
रंजकदाणी यांच्या वेगाविषयीच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत आहे, पण शेवटचा नियम फार कठोर आहे. वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक बाराला १ येण्याची शक्यता शंभरात ५ असते. सातही बार काढले तर एकदा तरी १ पडण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि असे शस्त्र कोणताही शिपाई जवळ बाळगणार नाही. पहिल्या १ ला मूठ अडकावी. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर काजळी आणि धूर यांच्या रूपाने उरतो, त्यामुळे हे वास्तवालाही धरून आहे. बंदूक साफ न करता पुढे झाडली आणि पुन्हा १ आला, तरच स्फोट व्हावा.

धरमपेठकर:
दोघांचेही मनापासून आभार. साध्या बंदुकीचा वेग आधी कमी करायला हवा, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. स्फोटाचा नियम वीसपैलू यांच्या सूचनेप्रमाणे घेतो. एक शंका उरते: बंदूक बिघडली तर शहरातल्या लोहाराकडून ती दुरुस्त होऊ द्यावी का?

रंजकदाणी:
लोहाराकडून नको. दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यात केसाएवढीही फट राहिली तर ज्वाळा मागे जाते, आणि असे काम घड्याळजीच्या तोडीच्या कारागिराचे आहे. या बंदुका सैन्यात सर्वत्र पसरल्या नाहीत, त्याचेही मोठे कारण हेच. दुरुस्तीसाठी कुशल कारागीर शोधण्याचे स्वतंत्र प्रकरण ठेवा, आणि तो कारागीर रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रजांच्या, बाजूचा असू द्या, म्हणजे अरब शिपायाला त्याच्याकडे जाण्याआधी दहादा विचार करावा लागेल.